मोडलेला खुबा आणि शेतकऱ्याची पसंती

पालघर व बोईसर-तारापूर या भागांत भाताची लावणी म्हणजे दिवसचे दिवस चिखलांत पाय रोवून कमरेंत वाकणें होय. घरीं आल्यावर चुलीपुढें, पाटावर, परसांत उकिडवें बसणें आहेच. ज्या सांध्यावर हा सगळा संसार फिरतो तो मांडीचा खुबा. परंतु बैलाच्या खुराची जेवढी काळजी आपण घेतों तेवढी याची घेत नाहीं.

मांडीच्या हाडाचें वरचें टोंक गोळ्यासारखें असून तें कटिभागाच्या वाटींत फिरतें. गोळ्याखालीं अरुंद मान असते व गोळ्यास रक्त पुरविणाऱ्या बहुतेक वाहिन्या तिच्यावरूनच वर चढतात. म्हातारें माणूस बांधावरून घसरलें, ही मान मोडली व तुकडे सरकले, कीं तें रक्त तुटतें. आणि पाटाचें तोंड बुजल्यावर वाफा करपतो त्याप्रमाणें गोळा मरूं लागतो. मानेच्या खालीं मोड असल्यास रक्त पुष्कळ असतें, म्हणून तेथें सळई किंवा पट्टी बसविली म्हणजे हाड बहुधा जुळतें.

असा मोड लेपानें किंवा पाय ओढून बरा होत नाहीं. महिना दोन महिने खाटेवर निजवून ठेविल्यास पाठीस व्रण पडतात, छातींत कफ सांचतो, पायाच्या शिरांत रक्त गोठतें. मोडापेक्षां हींच दुखणीं जीव घेतात. भारतासह १७ देशांतील २,९७० रुग्णांचा एक अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला. निदानानंतर सुमारें सहा तासांत शस्त्रक्रिया केल्यानें मृत्यु कमी झाले नाहींत, परंतु भ्रमाचे प्रकार कमी झाले व रोगी लवकर उभे राहिले. ज्यांच्याशीं तुलना केली त्यांचीही शस्त्रक्रिया साधारण एका दिवसांत झाली होती, हें विसरूं नये. आमच्याकडे आठवडा तर ‘बघूं, उतरेल सूज’ म्हणण्यांतच जातो!

आतां पसंतीचा प्रश्न. कृत्रिम खुब्याची आजची पद्धत इंग्लंडांत जॉन चार्नली यांनीं १९६२ च्या सुमारास बसविली. म्हाताऱ्यांत मान मोडून सरकली असतां नुसता गोळा बदलावा, कीं वाटीसकट पूर्ण सांधा? कॅनडांतील डॉ. मोहित भांडारी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दहा देशांतील सुमारें १,५०० रुग्णांवर हें पाहिलें (२०१९). दोन वर्षांत पुन्हां शस्त्रक्रिया करण्याची गरज दोन्हीकडे जवळजवळ सारखीच निघाली. जेथें फळ असें जवळपास सारखें, तेथें रोग्यास काय हवें याला वजन आलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

ताडावरून पडलेल्या तरुणाची गोष्ट निराळी. त्याचा स्वतःचा गोळा स्क्रूनें वाचविण्याचा यत्न आधीं करितात. तो जगला तर उकिडवें बसण्याची आशा राहते. न जगला तर दुसरी शस्त्रक्रिया. उलट कृत्रिम सांध्यानें चालणें लवकर सुरू होतें, परंतु फार खालीं बसल्यास तो निखळण्याचें भय असतें, आणि कांहीं काळ तरी उंच आसन लागतें. म्हणून ‘मला लावणी करावयाची आहे’, ‘आमच्या घरीं उंच संडास नाहीं’, ‘मला फक्त देवळापर्यंत चालतां यावें’ हें सर्जनास पहिल्याच भेटींत सांगावें. बहुधा मुलगा बोलतो व म्हातारी भिंतीकडे पाहते. तिला विचारा.

जिल्ह्यांतील आदिवासी बांधवांत आणखी एक कारण आढळतें. सिकल सेल या आनुवंशिक विकारांत रक्तपेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक वाहिन्या तुंबवितात, आणि पडझडीवांचूनच तरुणपणीं गोळा मरतो. जांघेंत दुखून लंगडणाऱ्या मुलास ‘मुरगळलें असेल’ म्हणून सोडूं नये. रक्ततपासणी करवून घ्यावी. या विकाराच्या निर्मूलनासाठीं २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम चालू आहे.

खर्चाविषयीं, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेंत आपली शस्त्रक्रिया बसते कीं नाहीं हें योजनेंतील रुग्णालयांत आरोग्यमित्रास विचारावें. घरीं निघतांना बसविलेल्या सांध्याचें नांव, क्रमांक व कंपनी यांचा कागद मागून घ्यावा. २०१० सालीं डीप्यू कंपनीनें ए.एस.आर. नांवाचा धातूचा सांधा जगभर परत मागविला, कारण त्याचे कण झिजून शरीरांत उतरत होते. भारतांत ज्यांना तो बसविला होता त्यांतील अनेकांचा ठावठिकाणाच लागला नाहीं. हा कागद सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर एकाच पेटींत ठेवावा.