बटण दाबल्यापासून बीपपर्यंत

जुना डेस्कटॉप सुरू होत नाही म्हणून दुरुस्तीला नेला की बहुतेक वेळा एकच निकाल ऐकू येतो: ‘बोर्ड उडालाय, आता नवीनच घ्या.’ कधी कधी तो खराही असतो. पण मदरबोर्ड गेला हे निदान बाकी सगळं तपासून झाल्यावर उरायला हवं. मशीन टेबलावर ठेवल्या ठेवल्या कोणी ते सांगत असेल, तर तपासणी झालेलीच नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याला आधार खुद्द यंत्राच्या रचनेत सापडतो. डेस्कटॉप सुरू होताना प्रत्येक पायरी ठरलेल्या क्रमाने पार पडते आणि गाडी कुठे अडली याची खूण बहुधा मागे राहते. ती खूण वाचणं हे कसब आहे, आणि नव्या मशीनच्या घाईत ते आपल्याकडून सुटत चाललंय.

या क्रमाचं मूळ आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेल्या पीसीत आहे. त्यातल्या एका चिपमध्ये बायोस हा छोटा प्रोग्रॅम कायमचा भरलेला होता. तो लिहिणारे डेव्हिड ब्रॅडली, ज्यांनी कंट्रोल-ऑल्ट-डिलीटही दिलं. वीज मिळताच हा प्रोग्रॅम आधी स्वतः यंत्राचीच परीक्षा घेई आणि सगळं ठीक असलं की एक छोटा बीप देई. पुढे इतर कंपन्यांनी आयबीएमशी जुळणारे बायोस स्वतंत्रपणे लिहिले आणि ही पद्धत असेंबल केलेल्या मशीनमधून जगभर गेली. २००१पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांमधून महाराष्ट्रातली एक पिढी ज्या पीसींवर शिकली, ते याच घराण्यातले.

सगळ्यात दुर्लक्षित पायरी विजेची. इंटेलने १९९५मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेत कॅबिनेटवरचं बटण थेट वीज जोडत नाही. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट येत राहतात आणि त्यावर बोर्डाचा एक कोपरा जागा असतो. बटण दाबलं की बोर्ड हिरव्या वायरवरचा दाब खाली ओढतो आणि तेव्हा एसएमपीएस ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे मुख्य पुरवठे चालू करतो. तरीही प्रोसेसर कामाला लागत नाही. पुरवठे मर्यादेत आले की १०० ते ५०० मिलिसेकंदांनी करड्या वायरवर एक संकेत येतो, त्याला पॉवर गुड म्हणतात. गार्डने हिरवा झेंडा दाखवेपर्यंत गाडी फलाटावर उभी राहते, तसा बोर्ड हा संकेत मिळेपर्यंत प्रोसेसरला रिसेटमध्ये धरून ठेवतो. म्हणूनच पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण डिस्प्ले नाही, अशा मशीनबद्दल ‘पॉवर तर येतेय’ एवढं म्हणून पुढे जाणं चूक आहे. पंखा कमी व्होल्टवरही मजेत फिरतो. १२ व्होल्टच्या पुरवठ्याला मात्र ११.४ ते १२.६ एवढीच मोकळीक असते. हिरवी वायर काळ्या वायरला जोडून एसएमपीएस चालू करून बघण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातून तो रिकामा चालतो एवढंच कळतं. खरं मोजमाप मल्टिमीटरने, बोर्ड जोडलेला असताना, भार पडल्यावर घ्यावं लागतं. बटणाचंही तसंच. वर्षानुवर्षं दाबून कॅबिनेटचा स्विच झिजतो, आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की त्याचा निकाल लागतो. (एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो.)

वीज खात्रीची असेल तर पुढचा साक्षीदार बीप. पडद्याची पाळी तपासणीत उशिरा येते, त्यामुळे त्याआधी झालेली तक्रार आवाजाशिवाय सांगता येत नाही. मूळ आयबीएममध्ये एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची अडचण. एएमआय, अवॉर्ड, फीनिक्स यांनी आपापले संकेत ठरवले, म्हणून आधी बायोस कोणाचा ते पाहायचं. या टप्प्यावरची मला सगळ्यात आवडणारी चाचणी वरकरणी उलटी वाटते: सगळी रॅम काढून मशीन चालू करायचं. रॅमशिवाय ते चालणार नाही हे आपल्याला ठाऊकच असतं. आपल्याला त्याची तक्रार ऐकायची असते. बीप वाजले, तर प्रोसेसर सूचना वाचतोय, बायोसची चिप शाबूत आहे आणि बोर्डाचा गाभा जिवंत आहे, हे एका झटक्यात सिद्ध होतं. ‘डेड’ म्हणून आलेल्या बोर्डाचा दोष मग बऱ्याचदा रॅमच्या सोनेरी काठावरच्या काळपट थरात निघतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा थर धरायला वेळ लागत नाही. तो खोडरबराने घासायची रीत सर्रास आहे, पण सोन्याचा मुलामा एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो आणि दरवेळी थोडा निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं मऊ कापड बरं. रॅम काढूनही मशीन मुकं राहिलं, तर आधी बोर्डाला स्पीकर जोडलेला आहे का ते पाहावं, कारण अनेक कॅबिनेटमध्ये तो नसतोच. चार पिनांचा छोटा बझर किरकोळ पैशांत मिळतो, आणि तो नसताना काढलेला ‘बीप येत नाही’ हा निष्कर्ष निरर्थक आहे.

अनुभवी कारागीर यावर म्हणतील की इतकं मोजत बसण्यापेक्षा चालू मशीनचे भाग लावून बघितले की दहा मिनिटांत कळतं. हे बरंचसं खरं आहे. चांगला भाग लावून बघणं हीसुद्धा चाचणीच, मात्र एका वेळी एकच बदल केला तर. रॅम, एसएमपीएस आणि सेल एकदम बदलले आणि मशीन चाललं, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि गिऱ्हाईक तिन्हींचे पैसे मोजतं. शिवाय बिघडलेल्या एसएमपीएसवर नवा बोर्ड चढवला, तर तोही जाऊ शकतो. म्हणून विजेचं मोजमाप आधी, अदलाबदल नंतर. याच कारणाने ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल हा सगळ्यांचा लाडका संशयित मी मागे ठेवतो. तो संपला की तारीख मागे जाते आणि एफ-वन दाबा असा संदेश येतो. मशीन पूर्ण ठप्प होण्याचं कारण तो क्वचितच असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इतकी खटपट त्या लायकीची आहे का? विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. वीस वर्षांपूर्वीचा पेंटियम फोर वीज जास्त खातो आणि आजची वेबपानं उघडताना घामाघूम होतो. रोजच्या इंटरनेटसाठी त्याच्यावर पैसे घालू नयेत, हे मी मान्य करतो. पण सीरियल पोर्टवर वजनकाटा, पॅरलल पोर्टवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किंवा जुन्या कार्डावर चालणारं कारखान्यातलं यंत्र जोडलेलं असेल, तर तिथे नवा संगणक आणला म्हणजे अख्खी मांडणी बदलणं आलं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मशीनवर लिनक्स घालून मुलांना टायपिंग आणि प्रोग्रॅमिंग शिकवता येतं. शिवाय बिघाड कुठे आहे हे कळल्याशिवाय खर्च परवडतो की नाही हेही ठरत नाही. रॅम पुसून बसवायचा खर्च आणि बोर्ड बदलायचा खर्च यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

मला खरी काळजी वाटते ती यापुढच्या बिघाडांची. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या असंख्य बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसले. आतल्या द्रवाची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन वायू तयार होई आणि कपॅसिटर फुगे. डेलला २००५मध्ये अशा बोर्डांपायी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. प्रोसेसरच्या सॉकेटजवळ टॉर्च धरून पाहिलं तर चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट दिसतो. बिघडलेल्याचा माथा घुमटासारखा वर आलेला असतो, त्यावरची फुलीची रेघ उकललेली असते आणि कधी तपकिरी डाग पायथ्याशी वाळलेला असतो. असं मशीन सकाळी पाच-सात वेळा बटण दाबल्यावर चालतं आणि एकदा तापलं की दिवसभर कुरकुरत नाही. दुकानात नेलं की ते नेमकं नीट चालतं, आणि मालकाचं म्हणणं कोणी ऐकून घेत नाही.

इलाज आहे, पण अवघड. साधे कपॅसिटर चालत नाहीत. कमी अंतर्गत रोधाचे, १०५ अंशांचे लागतात आणि ध्रुव उलटे जोडले तर ते फुटतात. बोर्डाच्या आतले तांब्याचे थर उष्णता शोषून घेतात, त्यामुळे सोल्डरचा डाग लवकर वितळत नाही. त्यात २००६नंतरच्या बहुतेक बोर्डांवर शिसंविरहित डाग असतो. जुना डाग १८३ अंशांना वितळायचा, याला २१७च्या आसपास लागतात. घाईत ओढलं की भोकातला मुलामाच उखडून येतो आणि वाचवण्याजोगा बोर्ड खरोखर संपतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग शोधता येतात, पण तालुक्याच्या गावी तेवढंही नाही. जुन्या सॉकेटचे बोर्ड आता बहुतेक वापरलेलेच मिळतात आणि त्यांवरचे कपॅसिटरही तितकेच म्हातारे असतात. या कामाचे तास मोजले तर मजुरी मशीनच्या किमतीहून जास्त होते, त्यामुळे कसबी हात मोबाइलकडे वळतात. त्यांना दोष देता येत नाही. दोष द्यायचा तर दुरुस्तीचा दर भागाच्या किमतीवर ठरवणाऱ्या आपल्या सवयीला द्यावा लागेल. तपासणीचे वेगळे पैसे द्यायला आपण तयार नसतो, म्हणून तपासणी होत नाही.

तेव्हा मशीन दुरुस्तीला द्याल तेव्हा तपासणीचे पैसे आनंदाने द्या आणि विचारा: भार असताना एसएमपीएसचे व्होल्ट मोजले का, रॅम काढून बीप ऐकला का, सॉकेटजवळचे कपॅसिटर पाहिले का. तिन्हींची नीट उत्तरं मिळाली आणि तरीही बोर्ड गेला असं ठरलं, तर ते मानून टाका. हार्ड डिस्क तेवढी काढून घ्या. बोर्ड गेला तरी तिच्यातले फोटो आणि हिशेब बहुधा जागेवर असतात आणि साध्या यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकावर उघडतात. उरलेला डबा भंगारवाल्याला न विकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या.