कानस ते रोबो: पिंपरी-चिंचवडच्या प्रॉडक्शनवाल्यांची साठ वर्षं

१९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, आकुर्डी, भोसरीच्या माळरानांचा नूर पालटला. टेल्कोने पुण्यात ट्रक बांधायच्या आधी टूल, डाय, फिक्स्चर बनवणारा विभाग उभा केला. क्रम बरोबरच होता. यंत्रं बनवता येणारी माणसं आधी लागतात आणि ती तेव्हा कंपनीच घडवायची. नवा पोरगा आला की त्याच्या हातात कानस. एमएसचा ठोकळा घासायचा, गुण्या लावून उजेडाशी धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा. बीई झालेलेही यातून सुटत नसत. वर्षा-दोन वर्षांनी परमनंटची ऑर्डर हाती पडे आणि मग मुली सांगून येत.

१९८३पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, पदव्या वाढल्या. पुढे १९९८ला टेल्कोची इंडिका कार आली. तिच्यामागे भोसरी-चाकणच्या व्हेंडरांची मोठी फळी उभी राहिली आणि प्रोसेस प्लॅनिंग, सप्लायर क्वालिटी अशी नवी खाती मुलांना खुली झाली. पण त्याच सुमारास हिंजवडीही उभी राहत होती. कॅम्पसला येणारी आयटी कंपनी मेकॅनिकलच्या पोरांनाही उचलू लागली. एसी बस आणि जाडजूड पगार सोडून सेकंड शिफ्टला कोण जाईल? त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

चुकलं ते कारखानदारांचं. २००९ला चाकणात फोक्सवॅगन सुरू झाली, बॉडी शॉपमध्ये रोबो आले, काम अधिक कौशल्याचं झालं. शिकवण्यावरचा खर्च मात्र अनेकांनी आखडता घेतला. २०१३च्या ‘नीम’ योजनेत हेतू प्रशिक्षणाचा होता, पण कित्येक लाइनींवर ट्रेनी म्हणजे स्वस्तातला ऑपरेटर. मुदत संपली की गेटबाहेर, मागून पुढची बॅच. वर पुन्हा ‘मुलांना काही येत नाही’ ही तक्रार आहेच.

आज बीएस-६च्या धावपळीतून बाहेर पडलेले इंजिनवाले बॅटरी पॅक आणि मोटर वाइंडिंगकडे वळताहेत. पीएलसी आणि हायड्रॉलिक दोन्ही उमगणारा मेंटेनन्सवाला मिळाला, तर कंपनी त्याला सहसा हातचा जाऊ देत नाही. तसे मोजकेच, कारण दोन्ही एकत्र शिकवणारी ट्रेनिंग स्कूलंही मोजकीच.