मागच्या सालचं निळं बॅनर

सकाळी 8.30

एप्रिलचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्या धंद्याचा ऐन हंगाम. 2025 मध्ये तर रामनवमी 6 ला झाली, 11 ला महात्मा फुले जयंती, 12 ला हनुमान जयंती आणि 14 ला बाबासाहेबांची जयंती, असं सगळं एका रांगेत आलं. वर 30 ला अक्षय्य तृतीया, म्हणजे लग्नाच्या पत्रिकाही याच दिवसांत. कन्हानच्या तारसा चौकापासून थोडं आत डिझाइनचं दुकान आहे, तिथे मी संगणकावर बसते. फ्लेक्स, पत्रिका, लग्नाचे अल्बम, व्हिडिओ, पडेल ते काम. हा 11 तारखेचा, शुक्रवारचा दिवस.

गोंडेगाव आणि कामठीच्या खुल्या खाणी जवळच, त्यामुळे कोळशाची बारीक काळी धूळ सगळीकडे. आधी ब्रशने पंख्याची जाळी झाडायची, मग मशीन सुरू. मालक यायच्या आत माझं पहिलं काम म्हणजे बिलबुक उघडून काल रात्री उशिरा लिहिलेल्या ऑर्डरींचे फोल्डर करून ठेवणं. काम सुरू व्हायच्या आधी नाव. काम झाल्यावर नाव देऊ म्हणणाऱ्याच्या डेस्कटॉपवर ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर 2’ अशी वस्ती उभी राहते आणि तिथे कोणाचं घर कोणतं ते मालकालाही सांगता येत नाही.

आमच्या फोल्डरचं नाव असं: 2025-04-11_टेकाडी_जयंती-बॅनर_ आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे. मशीनवर हे रोमन अक्षरांत असतं, का ते पुढे येईलच. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आयएसओ 8601 नावाचं जे मानक 1988 मध्ये निघालं त्यात हीच रीत आहे. वहीत आपण 11/4/25 लिहितो, पण विंडोज फाइलच्या नावात तिरकी रेघ घेत नाही, म्हणून लोक टिंब देतात. मग 1.4.25 ही 1.12.24 च्या वर जाऊन बसते आणि बारा महिन्यांच्या एक तारखा एका जागी गोळा होतात. वर्ष पुढे ठेवलं की फोल्डर आपोआप रांगेत उभे राहतात.

तारीख ऑर्डरची, कार्यक्रमाची नाही. लग्न पुढे ढकललं जातं, बिलबुकावरची तारीख ढकलली जात नाही. मोबाइलचे आकडे कशाला? माणूस बिल हरवतो, महिना विसरतो, पत्रिकेत मामांची नावं कोणत्या क्रमाने होती ते त्याला आठवत नाही, पण स्वतःचा नंबर झोपेतून उठवला तरी सांगतो. गावाचं नाव मात्र पूर्ण लिहायचं. आधी तीन अक्षरांत आटोपायची पद्धत होती, त्यात कन्हान आणि कांद्री दोघांचंही ‘कान’ व्हायचं. मालकांना ही सवय जुन्या काळातली. विंडोज 95 यायच्या आधी नावाला आठ अक्षरं आणि टिंबानंतर तीन, एवढीच जागा होती. आता जागेचा तोटा नाही, तरी त्यांचा हात आखडतोच.

सकाळी 10

पहिलं गिऱ्हाईक. जयंती मंडळाचे दोघे, एक बोलणारा, एक मान हलवणारा.

‘ताई, मांगच्या सालचं आमचं बॅनर काढून द्या ना. निळं होतं पाहा.’

14 एप्रिलचं बॅनर निळंच असणार. मागच्या वर्षीच्या फोल्डरांत निळ्याखेरीज काही नाही.

‘मोबाइल नंबर सांगा, भाऊ.’

त्याने सांगितला, मी शेवटचे चार आकडे टाकले, काही आलं नाही. मग उलगडा झाला. मागच्या साली अध्यक्ष दुसरे होते, ऑर्डर त्यांच्या नंबरवर. ‘थे आता आमच्यात नाही राहिले,’ असं बोलणाऱ्याने सांगितलं, त्यावर मान हलवणारा घाईने म्हणाला, ‘जित्ते आहेत हो, मंडळ वेगळं केलं त्याईनं!’

म्हणून नुसत्या नंबरावर भागत नाही. 2024-04 आणि गावाचं नाव टाकलं, समोर तीन फोल्डर आले, प्रत्येकाचं छोटं चित्र दाखवलं. दुसऱ्यावर बोट पडलं. ‘हेच! मले हेच पाह्यजे, फक्त साल बदलवून द्या.’

फक्त साल बदलणं कधीच नसतं. 1891 पासून मोजत 133वी जयंती होती ती 134वी करायची, हे खरं. पण खाली तीसेक फोटो, त्यातले वेगळे झालेले काढायचे, नवे बसवायचे, आणि जुन्या अध्यक्षांचा मोठा गोल आता कोणाला द्यायचा यावर दुकानातच बैठक. ती होईपर्यंत मी जुनी फाइल नव्या फोल्डरात नव्या नावाने ठेवून घेते. जुन्या फाइलवर कधी काम करायचं नाही. मागच्या सालचं बॅनर मागच्या सालासारखंच राहिलं पाहिजे, कारण पुढच्या साली ते वेगळे झालेले अध्यक्ष येणार आणि म्हणणार, माझा फोटो होता ते काढा.

आता ‘फायनल’चं. आमच्याकडे फाइलच्या नावात हा शब्द चालत नाही. पूर्वी ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल 2 ओके’ अशी पिलावळ असायची आणि त्यातली छापायला कोणती गेली हे छापून आल्यावर कळायचं. फाइल फायनल आहे की नाही हे गिऱ्हाईक ठरवतं, आणि गिऱ्हाईक बॅनर चौकात लागल्यावरसुद्धा ठरवत असतं. म्हणून नुसते आकडे: व्ही01, व्ही02. शून्य लावून, म्हणजे कोणत्याही मशीनवर दहावी फाइल दुसरीच्या आधी येत नाही. जी छापायला जाते तिची प्रत ‘छपाई’ नावाच्या आतल्या फोल्डरात. तिथे असली म्हणजे ती गेली, बाकी वाद नाही.

जुनी कोरलड्रॉची फाइल उघडताना दुसरी एक भानगड असते. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टात अक्षर मराठी दिसतं, पण आत साठवलेलं असतं भलतंच. तो फॉन्ट मशीनवर नसला की ‘जयंतीनिमित्त’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यामुळे प्रत्येक कामाच्या पोटात चारच खण: आलेलं, चालू, छपाई, फॉन्ट. चारच्या वर खण केले तर कोणी वापरत नाही, असा माझा अनुभव. पाच पायऱ्या उतरून फाइल ठेवायची म्हटली की माणूस ती पुन्हा डेस्कटॉपवर टाकतो.

दुपारी 12

व्हॉट्सॲपवर फोटो येऊ लागले. अँड्रॉइडवर आलेल्या फोटोला व्हॉट्सॲप आपलं नाव देतं: आयएमजी, मग 20250411, मग डब्ल्यूए आणि चार आकडे. वर्ष पुढे ठेवायची अक्कल त्याला आहे, पण तारीख फोटो काढल्याची नसून पोचल्याची. वीस पोरांचे फोटो एकाच दिवशी आले की सगळे एका कुळातले. ज्याने पाठवले त्यालाच नावं विचारून तिथल्या तिथे नाव बदलायचं. संध्याकाळवर टाकलं तर सचिवाच्या खाली कोषाध्यक्षाचा चेहरा जातो, आणि बॅनरवरच्या चेहऱ्यावरून गावात काय होतं ते सांगायला नको.

चेहरे कापून झाले की त्यांची एक प्रत ‘कटआउट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात जाते. तिथे काम किंवा तारीख नाही, फक्त गाव, नाव, चार आकडे आणि फोटोचं वर्ष. आमच्या दुकानाची खरी मालमत्ता ही. वर्ष नसलं तर दहा वर्षांपूर्वीचा काळ्याभोर केसांचा फोटोच दर वेळी लागतो. काहींना तोच लावलेला आवडतो, तो भाग निराळा.

दुपारी 1.30

मोठं मशीन आमच्याकडे नाही, फाइल कामठीला जाते. दहा बाय वीस फुटांचं बॅनर इंचाला 72 ठिपके धरून चार रंगांत काढलं तर उघडी टिफ सुमारे 600 एमबीची होते. ती दाबून पाठवायची, आणि तिथला माणूस ती उघडूनही पाहत नाही. तो फक्त नाव वाचतो. म्हणून छपाईच्या फाइलचं नाव म्हणजेच ऑर्डरचा कागद: 10बाय20_स्टार_आयलेट_2नग_टेकाडी_व्ही04. माप, फ्लेक्सची जात, कडेला भोकं पाहिजेत की नाही, किती नग. नग लिहायचा राहिला तर एकच येतो, आणि दुसऱ्या खांबावर बांधायला काही नसतं.

हे नाव रोमनमध्ये का, तर काही मशीनच्या सॉफ्टवेअरला नागरी नाव झेपत नाही. तिथे नुसते चौकोन दिसतात, कधी फाइल उघडतच नाही. मराठीचा अभिमान बॅनरवर हवा तितका दाखवावा, फाइलच्या नावात नको, असं माझं मत झालं आहे.

दुपारी 3

लाइट गेली. कन्हानचं एप्रिलचं ऊन आणि बंद कूलर. यूपीएसवर चालू फाइल सेव्ह केली, मशीन बंद केलं, पत्रिकेचे नमुने हातांनी जुळवत बसले.

दुपारी 4

लाइट आली तशी रामटेकच्या लग्नाची कार्डं आली. दोन कॅमेरे, चार कार्डं, खिंडसी तलावावरचं प्री-वेडिंग वेगळं. आमच्याकडे शिकायला येणारा पोरगा सगळी कार्डं एकाच फोल्डरात ओतायला निघाला होता.

कॅमेऱ्याचा मोजणारा काटा चार आकड्यांचा असतो. 9999 झाले की पुन्हा 0001. सोनीच्या कॅमेऱ्यात व्हिडिओच्या क्लिपा सी0001, सी0002 अशा चालतात, आणि दोन कॅमेरे असले की दोन सी0001 तयार. दोन्ही एका जागी टाकल्या तर संगणक विचारतो, जुनीवर नवी लिहू का? घाईतला माणूस ‘हो’ दाबतो आणि एका कॅमेऱ्यातली वरमाला पुसली जाते. म्हणून प्रत्येक कार्डाला स्वतःचं घर: कॅम1_कार्ड1, कॅम1_कार्ड2, कॅम2_कार्ड1. कार्डावरचा सगळा ढाचा जसाच्या तसा उचलायचा, नुसत्या क्लिपा वेचायच्या नाहीत. हार्डडिस्कवर प्रत आली, ती उघडून चालवून पाहिली, की मगच कार्ड रिकामं करायचं.

त्याला दुसरी गोष्ट सांगितली ती जरा उलटी. फोटोला नाव द्यावं, बॅनरला द्यावं, पण एडिटिंग सुरू झाल्यावर व्हिडिओच्या क्लिपांची नावं बदलू नयेत. प्रीमिअरच्या प्रोजेक्टात क्लिप नसतेच, ती कुठे ठेवली आहे तो पत्ता असतो. फोल्डरचं नाव बदललं की पत्ता चुकला, आणि सगळ्या पडद्यावर लाल रंगात ‘मीडिया ऑफलाइन’. बाहेरची हार्डडिस्क एका दिवशी ई आणि दुसऱ्या दिवशी एफ झाली तरी तेच. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन प्रत्येक डिस्कला एक कायमचं अक्षर देऊन टाकलं आहे, आमच्या लग्नांची डिस्क डब्ल्यू.

‘ताई, मांगच्या महिन्याचा अल्बम सापडून नाही राहिला. मी सर्च मारून राहिलो,’ पोरगा म्हणाला. फोल्डर तर समोर होता, त्याने स्वतः मराठीत नाव दिलेला. झालं असं की ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं. ‘अ’वर चंद्र चढवून, किंवा युनिकोडने 2008 मध्ये 5.1 आवृत्तीत दिलेलं अख्खं ‘ॲ’. मोबाइलच्या कळफलकाने एक टाकलं, संगणकाच्या कळफलकाने दुसरं. डोळ्याला दोन्ही जवळपास सारखी, शोधणाऱ्या मशीनला दोन निराळी अक्षरं. ‘गिऱ्हाईक’मधल्या अर्ध्या ऱ्हचंही तसंच, तोही दोन रस्त्यांनी येतो. नावं रोमनमध्ये ठेवायला हे दुसरं कारण. त्यातही शब्दांची यादी भिंतीवर लावलेली आहे, कारण कामठी कोणी रेल्वेच्या पाटीप्रमाणे ‘पी’ घालून लिहितो, कोणी बोलतो तसं.

संध्याकाळी 6.30

चौकात गर्दी, दुकानातही. त्यातच एक माणूस आला आणि बाजूला उभा राहिला. वडील दुपारी गेले, उद्या सकाळच्या अंत्ययात्रेआधी श्रद्धांजलीचं बॅनर पाहिजे. फोटो विचारला तर मोबाइलमधला एक दिला, गर्दीतला, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या खांद्यामागे. गाव आणि नाव विचारून कटआउटमध्ये शोधलं. दोन वर्षांपूर्वीच्या वाढदिवसाच्या बॅनरचा फोटो निघाला, फेट्यातला, हसरा. फेटा ठेवू का, विचारलं. ‘राहू द्या, शौकीन होते.’ रंग उतरवले, मजकूर लिहिला, त्याने दोनदा वाचला, एका नातवाचं नाव घातलं. फाइल व्ही02 वर गेली. रात्रीच्या गाडीने कामठीहून फ्लेक्स येईल असं सांगितलं. मागे जयंतीवाले थांबले होते, त्यांनी घाई केली नाही.

रात्री 8.30

मंडळाची बैठक मिटली. मोठा गोल कोणालाच नाही, सगळे सारखे. व्ही07.

आता नकला. तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक दुकानाबाहेर, हा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केला. आमच्या पद्धतीने तो असा: एक प्रत मशीनवर, एक क्लाउडवर, एक छोट्या डिस्कवर मालकांच्या घरी, नदीपलीकडे. क्लाउडवर फक्त चालू फाइली आणि छपाईचे खण जातात, कच्चे व्हिडिओ नाहीत. तेवढं नेट कन्हानात रात्रभर लावून ठेवलं तरी पुरत नाही. कच्च्या व्हिडिओची दुसरी प्रत म्हणून आणखी एक डिस्क घ्या, असं मी मालकांना सांगत असते. ते दर वेळी लग्नाचा सीझन झाल्यावर पाहू म्हणतात.

कोरल स्वतःहून ‘बॅकअप ऑफ’ लावून जुन्या प्रती टाकत जातं, त्या शोधताना सगळ्यात आधी डोळ्यांत येतात आणि नवशिक्या त्याच उघडतो. पोरगा त्या उडवायला निघाला. 15 तारखेनंतर उडव म्हटलं. बॅनरं चौकातून उतरली, पैसे जमा झाले, की मगच.