वावरातला घडीचा चाकू

जून महिना, पेरणीची घाई. धुऱ्यावर युरियाचं पोतं उभं आहे, शिवणीचं टोक सापडत नाही आणि इळा घरी राहिला आहे. मग दात लागतात. बियाण्याच्या पाकिटालाही दात, औषधाच्या पुडीलाही दात. बीटी कपाशीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं. २०१७ च्या फवारणीत विषबाधेने सुमारे २० जीव गमावलेल्या यवतमाळ जिल्ह्यात हे मला पाहवत नाही. खिशात चाकू हवा, तो त्यासाठी.

काम ठरलं की माप ठरतं. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी एका दाबात सरळ तुटली पाहिजे. तिरपी कापली तर जोड गळतो. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरताना साल उचलली जावी, पण आतलं लाकूड दुखावू नये. म्हणजे पातं सात-आठ सेंटीमीटर लांब, पाठीशी अडीच मिलिमीटर जाड आणि धारेकडे चांगलं पातळ. पऱ्हाटी तोडणं हे त्याचं कामच नाही, त्याला कुऱ्हाड आहे.

पोलाद आपल्याकडे रस्त्याकडेला मिळतं. घिसाड्यांच्या पालासमोर भाता चालू असतो. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तापून लाल होतो, पुरुष सांडशीने धरतो आणि बाई घण घालते. त्या घणाचा ताल एकदा उभं राहून ऐकावा. पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ते घासून पुन्हा हळूहळू तापवायचं. मग चकाकीवर रंग चढू लागतो: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. चाकूसाठी पिवळ्यावरच थांबायचं. निळ्यापर्यंत गेलं की पातं लवचीक होतं, पण धार टिकत नाही. हे पोलाद गंजतं खरं. तेलाचं बोट फिरवत राहावं लागतं. तरी मी तेच घेईन, कारण घरच्या दगडावर त्याला धार लागते.

खरी अडचण सांध्याची. बाजारातल्या एका स्वस्त चाकूचं पातं माझ्याच बोटावर मिटलं होतं, खूण अजून आहे. फ्रान्सच्या सावॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये शेतकऱ्यांचा साधा चाकू घडवला: पातं, लाकडी मूठ, खीळ. १९५५ मध्ये त्याला फिरतं कडं आलं. ते वळवलं की पातं मिटत नाही. हे कडं आपल्या लोहारालाही जमेल. दोष एकच, पावसात लाकूड फुगतं आणि पातं अडकून बसतं. म्हणून मूठ धावड्याची, तेलात मुरवलेली हवी. मुठीची पाठ उघडी ठेवावी, म्हणजे काळी माती आत न साचता झडून जाईल. बटणाचा रामपुरी नको. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे. आपलं पातं त्याच्या निम्म्याहूनही कमी.

सुरुवात पुडीपासून केली, म्हणून स्पष्ट सांगतो: औषधाच्या पुडीला हाही चाकू लावू नका. पूड सांध्यात बसते, आणि दुपारी त्याच पात्याने कांदा चिरला जातो. पुडीसाठी वेगळी कात्री ठेवा आणि ती फवारणीच्या पंपालाच बांधून टाका.