जुन्या ट्रकचे पुनरुज्जीवन व रंगलेपन

वापराने जीर्ण झालेल्या मालमोटारीचा सांगाडा, यंत्रे व बाह्यांग पूर्ववत करून तिला पुन्हा रस्त्यावर धावण्याजोगी करणे, या क्रियेला पुनरुज्जीवन म्हणतात. रंगलेपन हा तिचा अखेरचा टप्पा होय. जळगाव जिल्ह्यात गिरणेकाठी वसलेल्या भडगावच्या परिसरात केळी, कापूस, खते आणि वाळू यांच्या वाहतुकीमुळे ट्रकला कायम काम असते. त्यामुळे जुनी गाडी मोडीत काढण्याऐवजी घराच्या खळ्यात उभी करून, गावातले मेस्त्री व पेंटर बोलावून, ती नव्याने उभी करण्याकडे कुटुंबांचा कल असतो.

मोटारचलित ट्रकची सुरुवात १८९६ मध्ये जर्मनीत गोटलीब डाइमलर यांच्या अवघ्या ४ अश्वशक्तीच्या गाडीने झाली. महाराष्ट्रात सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली; तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो हे ट्रक बाहेर पडू लागले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला. तो १९६९ मध्ये संपला आणि गाड्यांच्या तोंडावरील तीन टोकांच्या ताऱ्याची जागा टाटांच्या ‘टी’ या अक्षराने घेतली. पुनरुज्जीवन करणाऱ्याला ही वर्षे ठाऊक असावी लागतात, कारण मूळ भाग शोधताना गाडीचा काळ आधी ओळखावा लागतो. प्रतिमानाचा क्रमांकही बोलका असतो. ‘१६१२’ मधील पहिले दोन अंक भारासह एकूण वजन सुमारे १६ टन, तर पुढचे दोन अंक सुमारे १२० अश्वशक्ती सुचवतात.

उद्दिष्टानुसार या कामाचे तीन प्रकार पडतात. बिघडलेला भाग तेवढा बदलणे ही दुरुस्ती. गाडी पुन्हा भाड्याला लावण्यासाठी सांगाड्यापासून रंगापर्यंत सर्व काम करणे हे नूतनीकरण. तिचे कारखान्यातून निघतानाचे रूप, मूळ रंगछटा व मूळ भाग यांसह टिकवणे हे जतन. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात मजबुती आणि तिसऱ्यात अस्सलपणा महत्त्वाचा ठरतो. घरच्या घरी होणारे काम बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते. म्हणून पुढील विवेचन प्रामुख्याने त्यास अनुसरून केले आहे.

ट्रकचा मुख्य शत्रू म्हणजे गंज. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की जलयुक्त लोह ऑक्साइड तयार होते. ते सच्छिद्र असल्याने खालच्या धातूला संरक्षण देत नाही, उलट ओलावा धरून ठेवते. आणि मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने वरचा रंग फुगवून उचलते. ओल्या वाळूचे पाणी हौद्याच्या आडव्या चॅनेलांत साचते, तर सांडलेल्या खतांतील क्षार गंजण्याची क्रिया वेगवान करतात. पायदानाखालचा पत्रा, पुढच्या काचेच्या रबराची खाच, मडगार्डची आतली बाजू आणि फाळक्याच्या बिजागऱ्या ही गंजाची ठरलेली ठिकाणे होत.

प्रत्यक्ष कामाचा क्रम खालून वर आणि आतून बाहेर असा असतो. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे देऊन गाडी स्थिर करतात. केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली शिरणे धोक्याचे असते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढतात आणि डिझेलची टाकी दूर ठेवतात. कमानीचे पाटे सुटे करून घासतात व ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधतात. चेसिसच्या लांब पट्ट्यांच्या वरच्या-खालच्या कडांना छिद्र पाडणे किंवा वेल्डिंग करणे जाणकार मेस्त्री टाळतात, कारण सर्वाधिक ताण त्याच कडांवर येतो. इंजिन, ब्रेक आणि स्टिअरिंग मार्गी लागल्यावरच पत्र्याला हात घालतात.

पत्र्याची परीक्षा हात, कान आणि चुंबक यांनी होते. निरोगी पत्रा टिचकी मारताच खणखणतो, तर जुन्या लांबीखाली कुजलेला पत्रा बद्द वाजतो. लांबीचा थर जाड असेल तेथे चुंबक धरत नाही. कुजका भाग कापून त्या जागी नवा पत्रा जोडतात. उघडा धातू ८० क्रमांकाच्या पेपरने घासून त्यावर गंजरोधक अस्तर, म्हणजे रेड ऑक्साइड प्रायमर देतात. खळगे भरणारी लांबी त्यानंतर, आणि तीही पातळ थरांत लावावी. भरलेला ट्रक खडबडीत रस्त्यावर सतत पिळवटत असतो, त्यामुळे जाड लांबीला तडे जातात. शेवटची घासणी ४०० ते ६०० क्रमांकाच्या पाणीपेपरने ओली करतात. जुन्या पिवळ्या व लाल रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. ओल्या घासणीने त्यांची धूळ उडत नाही, हा तिचा मोठा लाभ होय.

रंगात रंग देणारे रंगद्रव्य, त्याला पत्र्याशी जखडणारे बंधक आणि रंग पसरवून उडून जाणारे विरलक, म्हणजे थिनर, असे तीन प्रमुख घटक असतात. बंधकानुसार रंगांचे प्रकार ठरतात. नायट्रोसेल्युलोज रंग केवळ विरलक उडून सुकतो, म्हणून झटपट वाळतो. सिंथेटिक एनॅमल हवेतील प्राणवायू घेऊन कठीण होते. त्याचा एक हात रात्रभर वाळू द्यावा लागतो, आणि घाईने जाड थर दिल्यास वर साय धरून सुरकुत्या पडतात. ब्रशनेही लावता येत असल्याने घरच्या कामास तेच सोयीचे पडते. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग अधिक चिवट व चकचकीत असतो. पण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने योग्य मुखवट्याशिवाय तो फवारू नये.

खान्देशच्या हवामानात काळाची निवड हा कौशल्याचाच भाग आहे. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेल्या पत्र्यावर रंग सपाट होण्याआधीच विरलक उडते आणि पृष्ठ खरखरीत होते. पावसाळ्यात दमट हवेमुळे नायट्रोसेल्युलोज रंगावर पांढुरकी झाक येते. चैत्रात कडुनिंबाखाली गाडी रंगवली, तर गळणारा मोहोर ओल्या रंगात रुततो. म्हणून पत्र्याचे काम आधी उरकून, दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, दव सुकल्यावर शेवटचा हात देणे उत्तम.

यानंतर अक्षरांचे काम येते. पेंटर खडू लावलेला दोरा दोन टोकांना ताणतो, मध्ये चिमटीत धरून सोडतो, आणि फाळक्यावर सरळ पांढरी रेघ उमटते. त्या रेघेवर देवीचे नाव, मुलांची नावे, कमळ, मोर अवतरतात. कायदाही येथे अक्षरांची अपेक्षा करतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ८४ नुसार परवानाधारकाचे नाव व पत्ता गाडीच्या दोन्ही बाजूंना, तिच्या रंगात उठून दिसेल अशा रंगात असणे आवश्यक आहे. मूळ रंग बदलल्यास त्याची नोंद नोंदणी पुस्तकात करावी लागते. सैनिकी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखीव आहे. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही ओळख झालेली अक्षरे लिहिण्यास २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी मनाई केली.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीची योग्यता तपासणी दरवर्षी होते. बोलीभाषेत हेच ‘पासिंग’. ताजा रंग हा त्या दिवसाचा उपचार न ठरता संरक्षण ठरावा, यासाठी काम पूर्ण होताच वहीत चार नोंदी कराव्यात: प्रायमरचा प्रकार, रंगाची छटा व तिचा क्रमांक, पत्रा बदललेल्या जागा आणि तारीख. पुढच्या खेपेला तोच पत्रा उघडणाऱ्या कारागिराला रंगाखाली काय आहे, हे त्या पानावरूनच कळेल.