मूतखडा आणि तीन वाटा

घाटकोपर-मुलुंडचा दमट उकाडा, अंधेरी-बोरिवलीहून लोकलचा तास-दीड तासाचा प्रवास, आणि वाटेंत सोय होणार नाहीं म्हणून, विशेषतः स्त्रियांची, पाणीच न पिण्याची संवय! मूतखड्यास याहून सुपीक भूमि शोधून मिळणार नाहीं. मग एके रात्रीं कुशींत कळ उठते, सारें घर जागें होतें, आणि सकाळीं डॉक्टरांच्या आधीं शेजाऱ्यांच्या सूचना येऊं लागतात.

सुश्रुतानें मूत्राशयांतील अश्मरी शस्त्रानें काढण्याची रीत सांगितली आहे. मूत्रपिंडांतील मोठ्या खड्यासाठीं आपल्या आजोबांच्या काळीं कूसच उघडावी लागे. आज तीन सौम्य वाटा आहेत. १९८० सालीं म्युनिक येथें शरीराबाहेरून आघातलहरी सोडून रोग्याच्या मूत्रपिंडांतील खडा प्रथम फोडण्यांत आला. कापाकापी नाहीं, म्हणून वडील मंडळींचें मन याच उपायाकडे धांवतें. परंतु फुटलेली कच शेवटीं लघवीवाटेच बाहेर पडावयाची असते. खडा मोठा, फार कठीण किंवा मूत्रपिंडाच्या तळाच्या कोपऱ्यांत असला, तर ती तेथेंच बसते व खेपांवर खेपा होतात. गर्भवतीस तर हा उपाय वर्ज्यच.

दुसऱ्या वाटेनें दुर्बिणीची बारीक नळी मूत्रमार्गानेंच वर नेऊन लेसरनें खड्याची भुकटी करतात. त्वचेवर छेद नाहीं. भूल मात्र द्यावी लागते. तिसरींत पाठीकडून सुमारें सेंटिमीटरभर छिद्र पाडून खडा फोडून काढतात. दोन सेंटिमीटरांहून मोठ्या खड्यास सामान्यतः हीच प्रशस्त. रक्तस्रावाचें भय तींत अधिक, पण मूत्रपिंड एकाच खेपेस साफ होण्याची आशाहि अधिक. उलट, चार-पांच मिलिमीटरांचा खडा पुष्कळदां आपणहून पडून जातो. तेव्हां "कोणता उपाय चांगला?" यापेक्षां "खडा केवढा, कोठें व किती कठीण?" असें डॉक्टरांस विचारावें. कळेबरोबर थंडी-ताप आल्यास मात्र विचारविनिमय नको. त्याच रात्रीं इस्पितळ गांठावें.

शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनींत अनेकदां एक लवचिक नळी ठेवितात. ती कांहीं दिवसांनीं वा आठवड्यांनीं काढावयाची असते. आमच्या मुलुंडच्या एका आप्तांस बरें वाटलें, घरांत लग्नकार्य निघालें, आणि नळी राहिली ती राहिलीच. वर्षानें पाहतात तों नळीवरच क्षारांचे थर! खड्यास एक शस्त्रक्रिया पुरली होती. नळीस दोन लागल्या. त्यांचे थोरले बंधु हल्लींच अशी नळी घेऊन घरीं आले आहेत. ती काढण्याची तारीख सूनबाईंनीं देवघराशेजारच्या कालनिर्णयावर तांबड्या शाईनें लिहून ठेविली आहे.