सशाच्या शेजारी झोपलेले मांजर

अन्नसाखळीचा पाठ बहुतेक शाळांत एकाच पद्धतीने शिकवला जातो. फळ्यावर गवत, पुढे बाण, मग ससा, पुन्हा बाण आणि शेवटी कोल्हा किंवा रानमांजर. गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका शिबिरात या पाठावर बोलणे चालू असताना एका बाईंनी त्यांच्या नववीच्या वर्गातला प्रसंग सांगितला. बाण काढून झाल्यावर एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्या घरी मांजर आणि ससा एकाच पोत्यावर झोपतात. मांजर त्याचे कान चाटते. मग हा बाण आमच्या घरी का लागू पडत नाही?" वर्ग हसला. "ती पाळीव आहेत ना, म्हणून," असे बाईंनी सांगितले खरे, पण ते उत्तर त्यांचे त्यांनाच पटले नव्हते.

आम्हालाही पटले नाही. पाळीव मांजर उंदीर मारते, चिमणी मारते, पाल मारते. 'पाळीव' या शब्दाने प्रश्न सुटत नाही, फक्त झाकला जातो. शिबिरातच दुसरे एक उत्तर आले : पोट भरलेले असते म्हणून मारत नाही. तेही टिकत नाही. रॉबर्ट अ‍ॅडमेक यांनी १९७६ मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. मांजरे आपले आवडते खाणे खात असताना समोर उंदीर आला, तर ती खाणे सोडून उठली, उंदीर मारला आणि पुन्हा खाण्याकडे वळली. म्हणजे शिकार करणे आणि भूक लागणे या मांजराच्या बाबतीत बऱ्याच अंशी वेगळ्या गोष्टी आहेत. मग पोत्यावरच्या सशाला अभय कसे मिळाले?

या प्रश्नाच्या फार जवळ जाणारा एक प्रयोग झिंग-यांग कुओ या चिनी शास्त्रज्ञांनी १९३० साली प्रसिद्ध केला. मांजराला उंदीर मारण्याची 'उपजत बुद्धी' असते, असे तेव्हा सर्रास मानले जाई (आजही मानले जाते). कुओ यांनी मांजराची पिल्ले तीन प्रकारे वाढवली. २१ पिल्ले उंदीर मारणाऱ्या आईबरोबर वाढली. आई शिकार करताना त्यांनी पाहिली. २० पिल्ले एकटी वाढवली. त्यांना ना शिकार दिसली, ना उंदीर. उरलेली १८ पिल्ले उंदरांबरोबरच एका पिंजऱ्यात लहानाची मोठी झाली. पुढे उंदीर समोर ठेवल्यावर पहिल्या गटातील १८ पिल्लांनी उंदीर मारले, दुसऱ्या गटातील ९ पिल्लांनी आणि तिसऱ्या गटातील फक्त ३ पिल्लांनी. या तिघांनीही ज्या जातीच्या उंदरांबरोबर ती वाढली होती त्या जातीचे उंदीर मारले नाहीत, दुसऱ्या प्रकारचे मारले.

हे आकडे विद्यार्थ्यांना टक्केवारीत मांडायला सांगावेत. साधारण ८६, ४५ आणि १७. मग विचारावे, उपजत बुद्धी या तिन्हींपैकी कोणत्या आकड्यात आहे? कुओ स्वतः उपजत प्रवृत्तीच्या कल्पनेचे कडवे विरोधक होते आणि हा प्रयोग आपल्या बाजूने बोलतो असे त्यांना वाटत असे. आमच्या मते तो दोन्ही बाजूंनी बोलतो. ज्यांनी कधी शिकार पाहिलीच नव्हती अशा वीसपैकी नऊ पिल्लांनी कोणी न शिकवता उंदीर मारला, हे डोळ्याआड करता येत नाही. पण पुढचा भागही तितकाच बोलका आहे. एकट्या वाढलेल्या, उंदीर न मारणाऱ्या ११ पिल्लांना मोठ्या मांजरांची शिकार दाखवली, तेव्हा त्यातली ९ शिकार करू लागली. उंदरांबरोबर वाढलेल्या १५ पिल्लांना तेच दाखवले, तर त्यांतले फक्त एक वळले. लहानपणीची सोबत नंतरच्या शिकवणीला पुरून उरली.

(असे प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणार नाहीत आणि घरी किंवा शाळेत कोणी करूही नयेत.)

ही सोबत केव्हा घडायला हवी, याचाही अंदाज पुढे आला. अमेरिकेत आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात मांजराच्या पिल्लांना वेगवेगळ्या वयात माणसाची सवय लावून पाहिली. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जी पिल्ले हाताळली गेली, ती पुढे माणसाला सर्वांत जास्त जवळची झाली. या वयात पिल्लाच्या आसपास जे वावरते, ते त्याच्या दृष्टीने 'आपल्यातले' ठरते. ते माणूस असेल, कुत्रा असेल किंवा ससा. ही खिडकी नंतर एकदम बंद होत नाही, पण किलकिली होत जाते.

आता सशाची बाजू. इथे मराठीत एक घोटाळा होतो. आपल्या माळरानावरचा ससा आणि पिंजऱ्यात विकायला असतो तो पांढरा ससा, दोघांना आपण एकच शब्द वापरतो. पण हे दोन वेगळे प्राणी आहेत. माळावरच्या सशाची पिल्ले अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्मतात आणि तो प्राणी बहुतेक एकटा राहतो. तो वन्य प्राणी आहे, पाळायचा नाही. पाळीव ससा स्पेनकडच्या, बिळात कळपाने राहणाऱ्या युरोपीय सशापासून आला. त्याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. त्याला शेजारी अंग टेकायला कोणीतरी लागते. मैत्री होऊ शकते ती याच्याशी.

सशाची आई पिल्लांना दिवसातून साधारण एकदाच, तीनचार मिनिटे पाजते. हंगेरीतील आग्नेश बिल्को आणि व्हिल्मोश आल्टबॅकर यांना असे आढळले, की जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात या पाजण्याच्या वेळेच्या आसपास पिल्लांना हाताळले, तर मोठेपणी ती माणसाला घाबरत नाहीत. दिवसातल्या इतर वेळी हाताळले तर तो परिणाम फारसा दिसत नाही. सशाचीही अशी एक खिडकी आहे, आणि ती मांजराच्या खिडकीपेक्षा कितीतरी अरुंद आहे.

दोघांच्या सवयी काही ठिकाणी चांगल्या जुळतात. दोघेही पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडतात. मांजर गाल घासून वस्तूंवर आपला वास लावते, ससा हनुवटी घासून. चाटणे ही दोघांचीही जवळिकीची खूण. चाटून घ्यायचे असले की ससा डोके जमिनीलगत खाली करतो, आणि मांजराला ते कळते असे दिसते. पण एक गोष्ट मुळीच जुळत नाही. मांजराचा खेळ हा शिकारीच्याच तुकड्यांचा बनलेला असतो : दबा धरणे, पाठलाग, झेप. ससा आनंदाने उधळला तरी मांजराच्या डोळ्यांना ती पाठलागाची हाक वाटू शकते.

आमची चूक मात्र सशाच्या स्थिर बसण्याबाबत झाली. आमच्या घरी चार वर्षांची मांजरी होती आणि एका नातेवाइकांनी मोठा झालेला ससा आणून दिला. तिसऱ्याच दिवशी आम्ही दोघांना एका खोलीत सोडले. मांजरी दाराशी बसून बघत राहिली, ससा खाटेखाली अंग चोरून, कान पाठीला चिकटवून बसला. "बघा, कशी शांत बसली आहेत," असे आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत होतो. प्राण्यांच्या वर्तनावर चार व्याख्याने दिलेली माणसे आम्ही! दोन दिवसांनी सशाने कोथिंबिरीला तोंड लावले नाही. लेंड्या बारीक झाल्या, मग थांबल्या. सशाच्या आतड्यात गवतासारखे खाणे सतत सरकत राहावे लागते. भीतीने खाणे सुटले की आतडी मंदावतात आणि एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. गुरांच्या डॉक्टरांनी तो वाचवला. तो शांत नव्हता. शत्रूसमोर थिजणे हा त्याचा बचाव होता, आणि आमच्या कौतुकाच्या नादात तो मरायला टेकला होता.

त्यानंतर मध्ये जाळी लावली, दोघांची पोती अदलाबदल करून वासाची ओळख करून दिली, जाळीच्या दोन बाजूंना खाणे ठेवले. सशाला मांजरीला शिरता येणार नाही अशी एक पेटी दिली. दोन महिन्यांनी दोघे एका खोलीत वावरू लागले, तेही आम्ही समोर असतानाच. मैत्री झाली नाही. ती एकमेकांना टाळतात, एवढेच. सशाला निवांतपणा आला हे आम्ही एका गोष्टीवरून ओळखले : तो कुशीवर पडून मागचे पाय लांब पसरू लागला. घाबरलेला ससा असा कधी झोपत नाही. मांजराच्या नखाने किंवा दाताने सशाला झालेली जखम टाचणीएवढी असली तरी डॉक्टरांना दाखवावी. मांजराच्या तोंडातले जंतू सशाला फार लवकर पछाडतात. सशाच्या लहान पिल्लांजवळ तर मोठे मांजर येऊच देऊ नये.

हे सारे आम्ही त्या बाईंना पत्राने कळवले आणि मुलीला दोन गोष्टी विचारायला सांगितल्या. मांजर घरी आले तेव्हा केवढे होते? आणि कोण कोणाकडे जाते? दुसऱ्या प्रश्नासाठी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, हात न लावता, वहीत दोन रकाने करून नोंद करायला सांगितली : मांजर सशाकडे गेले, ससा मांजराकडे गेला. तिसरा रकाना कोण उठून निघून गेले याचा. एकच प्राणी नेहमी जवळ जात असेल आणि दुसरा नेहमी सरकत असेल, तर त्याला मैत्री म्हणता येणार नाही.

महिन्याभराने बाईंचे उत्तर आले. मांजर आले तेव्हा त्याचे डोळे नुकतेच उघडले होते. ससा तेव्हाच मोठा झालेला होता, आणि थंडीत पिल्लू त्याच्याच पोटाशी झोपे. पत्राबरोबर वहीचे पान होते. पहिल्या रकान्यात थोड्या रेघा, दुसऱ्यात पुष्कळ, तिसरा जवळजवळ रिकामा. खाली मुलीने लिहिले होते, "पोते मांजराचे आहे. ससाच तिथे जातो."